वहिवाट

आमच्या सेलवासमध्ये सायकलवर दिसणारी माणसे दोन प्रकारची. ज्यांच्यापाशी दुसरे वाहन नाही ती एक, आणि ज्यांना डॉक्टरांनी सांगितले आहे ती दुसरी. हायस्कूलच्या मुख्याध्यापकाने यांपैकी कोणत्याच प्रकारात मोडू नये, अशी समाजाची अपेक्षा असते. त्याने बेताच्या वेगाने स्कूटरवरून यावे, डिकीतून प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा काढावा आणि घंटेच्या आधी पाच मिनिटे कचेरीत बसलेले असावे. तोच पहाटे पाचला डोक्यावर शिरस्त्राण चढवून, कमरेत वाकून, अथाळच्या पुलाकडे भरधाव निघालेला दिसला, की लोकांना आधी त्याची काळजी वाटते आणि मग शाळेची.

मी दुसऱ्या प्रकारातला. सात वर्षांपूर्वी रक्त तपासले तेव्हा साखरेचा आकडा असा आला, की डॉक्टरांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. शाळेच्या निकालाचा आकडा वाढला तर पेढे वाटतात. या आकड्याने माझे पेढे कायमचे बंद झाले. 'रोज तासभर चाला,' असे डॉक्टर म्हणाले, तर गुडघ्यांनी हरकत घेतली. 'मग सायकल चालवा,' असा निवाडा झाला.

सायकल मला नवी नव्हती. माझे मूळ गाव वाडा तालुक्यातले. वडिलांची काळीभोर चोवीस इंची सायकल ओसरीवर उभी असे. आधी नळीखालून पाय घालून हाफ पायडल, मग नळीवरून, आणि पाय पुरायला लागल्यावर सीटवर, अशी ती तीन इयत्तांची शाळा होती. प्रत्येक इयत्ता गुडघे फोडून घेऊनच पास व्हावी लागे. त्या सायकलीला मडगार्ड, कॅरियर, स्टँड, घंटी, डायनॅमो, साखळीवर पत्र्याचे झाकण, सगळे काही होते. आता पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने खोक्यातून जी सायकल आणली, तिला यांतले काहीच नव्हते. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले, टायर करंगळीएवढे, आणि सीट अशी की बसल्यावर माणसाला आपली हाडे मोजता यावीत. किंमत ऐकून मी स्टँड कुठे आहे असे विचारले. मुलगा म्हणाला, ''बाबा, स्टँडनं वजन वाढतं.'' माझ्या पोटाचे वजन जमेस न धरता स्टँडचे वजन वाचवणारे हे शास्त्र मला अजून उमगलेले नाही. ती सायकल भिंत, झाड किंवा देवळाचा ओटा यांपैकी काहीतरी शोधून टेकवावी लागते.

पोशाखाचा प्रश्न त्याहून बिकट होता. या सायकलीवर बसण्यासाठी गादी शिवलेली एक घट्ट विजार मिळते. ती घालून मी आरशासमोर उभा राहिलो तेव्हा आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, पाहिले आणि एवढेच म्हणाली, ''गावातून जाणार आहात ना?'' तेव्हापासून मी वरून एक ढगळ पायजमा घालतो आणि त्याचा पायघोळ उजवीकडे कपड्याच्या चिमट्याने बांधतो. शास्त्र आणि शिष्टाचार यांची अशी तडजोड झाली आहे.

दिनक्रम ठरलेला आहे. पावणेपाचला उठणे, कोमट पाणी, मग अंगणात सायकलीची तपासणी. टायर अंगठ्याने दाबून हवा बघायची, दोन्ही ब्रेक आवळून बघायचे, साखळी उलटी फिरवून तिचा आवाज ऐकायचा. हवा, ब्रेक, चेन, हा माझा प्रातःसंध्येचा मंत्र. मग सोम-बुध-शुक्र अथाळचा पूल ओलांडून नरोलीकडे, मंगळ-गुरू-शनी सामरवरणी, मसाट करीत रखोलीपर्यंत, आणि रविवारी दपाड्यावरून खानवेल. आमची शाळा सकाळच्या सत्रात सव्वासातला भरते, तेव्हा साडेसहाला घरी पोचणे भाग असते.

कधी सुटीच्या दिवशी वापीकडे जातो तेव्हा या प्रदेशाची खरी गंमत कळते. पिपरिया मागे पडले की लवाछा लागते, ते गुजरातेत. पुढे दादरा, ते पुन्हा केंद्रशासित. त्यापुढे वापी, पुन्हा गुजरात. खानवेलच्या बाजूने गेलात तर उधव्याला महाराष्ट्र. पायाखाली एकच डांबर, पण दुकानांच्या पाट्या गुजराती, मराठी, हिंदी अशा रंग बदलत जातात, आणि पंक्चरचे कधी 'पंचर' होते, कधी 'पंक्चर'. गुजरातेत दारूबंदी आणि आमच्याकडे नाही, त्यामुळे सीमेवरच्या नाक्यांना बाटली या वस्तूबद्दल विशेष आस्था. एका पहाटे एका हवालदाराने मला थांबवून सायकलीच्या दांडीला लावलेली बाटली काढायला लावली, झाकण उघडून हुंगली आणि विचारले, ''यात काय?'' मी म्हटले, ''लिंबू, मीठ आणि पाणी.'' त्याने माझ्या विजारीकडे, शिरस्त्राणाकडे आणि पांढऱ्या मिशांकडे पाहिले आणि बाटली परत देत म्हणाला, ''काका, घरी सगळं बरं आहे ना?''

आता पंक्चरबद्दल. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर हादरे खात होती, म्हणून हा खटाटोप. पुत्रप्रेमातून जगाला मऊ चाक मिळाले आणि त्याच दिवशी पंक्चरही जन्माला आले. लहानपणी पंक्चर व्हायचे ते बाभळीच्या काट्याने. आमच्या या औद्योगिक रस्त्यांवर बाभळीचा काटा मागे पडला आहे. इथे ट्रकांचे टायर फुटतात आणि त्यांच्या आतल्या पोलादी तारांचे केसासारखे बारीक तुकडे रस्त्याच्या कडेला साठतात, कारण वाहने त्यांना झाडून कडेलाच लोटत असतात. आणि सायकलवाल्याचा रस्ता म्हणजे ती कडच. तार टायरमध्ये शिरते, दिसत नाही, बोट फिरवले तरच टोचते. ती काढल्याशिवाय ट्यूब बदलली तर शंभर पावलांवर पुन्हा 'फुस्स'.

माझ्या पहिल्या पंक्चरच्या वेळी मी ढकलत ढकलत सायकल मसाटच्या एका टपरीवर नेली. पंक्चरवाला गोरखपूरकडचा, वयस्क. त्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले, तार शोधली, घासून ठिगळ लावले, सगळे रीतसर. हवा भरायची वेळ आली आणि घोडे पेंड खाऊ लागले. आपल्या नेहमीच्या सायकलीचा व्हॉल्व्ह जाड. या सायकलीचा पेन्सिलीच्या टोकासारखा, फ्रेंच पद्धतीचा, वरची इवलीशी चकती सैल करून उघडायचा. त्याच्या पंपाचे तोंड त्यावर बसेना. त्याने फडके गुंडाळून पाहिले, सुतळी बांधून पाहिली. वर मी सांगितले की यात नव्वद पौंड हवा लागते, तेव्हा तो हात कमरेवर ठेवून म्हणाला, ''मास्टरजी, इतना तो हम ट्रक में भरते हैं।'' शेवटी टेंपोच्या मागच्या बाजूला सायकल घालून मी घरी आलो. पुढे पितळेची एक टोपी मिळते, ती बारीक व्हॉल्व्हवर चढवली की कोणताही पंप चालतो, असे कळले. मी दोन टोप्या मागवल्या. एक माझ्या पिशवीत असते. दुसरी त्या टपरीवर खिळ्याला टांगलेली आहे. त्याने तिच्याखाली खडूने लिहिले आहे, 'मास्टरजी का'. या मुलखात माझ्या नावाची एवढी एकच पाटी आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

कुत्र्यांविषयी लिहायचे तर स्वतंत्र लेख होईल. थोडक्यात सांगतो. सायकलमागे धावणाऱ्या कुत्र्यापुढे वेग वाढवण्यात अर्थ नाही. खाली उतरून सायकल मधे धरावी आणि वर्गात बोलतो त्या आवाजात 'काय रे?' म्हणावे. नववी 'ब' वर चालणारा आवाज कुत्र्यावरही चालतो. पावसाळ्यात मात्र कोणाचीच मात्रा चालत नाही. आमच्याकडचा पाऊस दमणगंगेला पूर आणणारा. मडगार्ड नसल्यामुळे मागचे चाक पाठीवर चिखलाचा एक उभा पट्टा काढते, आणि मी घरी आलो की आमची ही दार अर्धवट उघडून म्हणते, ''मागच्या दारानं.'' मडगार्डचे वजन वाचले, धुणे वाढले.

साखळी उतरण्याची कथा जरा सविस्तर सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. पाचेक वर्षांपूर्वी नव्हे, अलीकडचीच, तीन वर्षांमागची गोष्ट. रखोलीहून परतताना गिअर बदलता बदलता साखळी उतरली आणि आतल्या चक्राच्या व दांडीच्या मधल्या फटीत अडकून बसली. मी ओढत होतो, ती अधिकच रुतत होती. तेवढ्यात मागून सायकलची घंटी वाजली. आमच्याच शाळेतली सातवीतली मुलगी, मागे कॅरियरवर धाकटा भाऊ, दोघांची दप्तरे हँडलला. घर खानवेल रस्त्यावरच्या एका पाड्यावर, शाळेपासून आठ किलोमीटर. पाड्यापर्यंत बस जात नाही. तिने सायकल स्टँडवर लावली. माझ्या सायकलीकडे जरा वेळ बघत राहिली. अशी यंत्ररचना तिने जन्मात पाहिली नसावी. मग मागच्या चाकाशी लोंबणारा, साखळी ताणून धरणारा तो दुहेरी चकत्यांचा हात तिने बोटाने पुढे दाबला.

''सर, हे दाबलं की साखळी ढिली पडते. तुम्ही हे धरा.''

मी धरले. तिने कुंपणातली एक काटकी मोडून घेतली, तिने साखळी उचलून दात्यांवर बसवली आणि पायडल अर्धा फेरा फिरवला. खट्. हाताला वंगणाचा डागही नाही. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. ''सर, घंटा होईल,'' असे म्हणून ती निघाली. भौतिकशास्त्राचा तास मी घेत नाही, मराठीचा घेतो. पण त्या दिवशी मी विज्ञानाच्या शिक्षकांना सांगितले, की या मुलीकडे लक्ष ठेवा.

सायकलीच्या जगात मोठी माणसे पुष्कळ आहेत. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले; त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर हिंडून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. पारशी लोक भारतात प्रथम जिथे उतरले असे मानतात, ते संजाण आमच्यापासून एका सकाळच्या टप्प्यात आहे. तिकडे गेलो की त्या तिघांची आठवण होते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस ॲक्रॉस अमेरिका' जोडीने पुरी केली. तीच शर्यत २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने पुरी केली. वाचकहो, सगळे डॉक्टरच आहेत हे ध्यानात घ्या. रुग्ण ऐकत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी स्वतःच निघायचे ठरवले असावे.

आम्हा सामान्यांसाठी 'ब्रेव्हे' असते. पॅरिसच्या एका जुन्या क्लबाच्या नियमांनी चालणारी ही दौड. शर्यत नाही, पण वेळ बांधलेली. २०० किलोमीटर १३ तास ३० मिनिटांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. मी आयुष्यात एकदाच २०० चे केले. शेवटच्या ठाण्यावर पोचलो तेव्हा तिथली पोरे टेबल घडी करीत होती. त्यांनी ते माझ्यासाठी पुन्हा उलगडले, शिक्का मारला आणि मला आधी खुर्ची दिली व मग अभिनंदन केले.

असा मी हौशी. हौशी या शब्दाचा अर्थ मात्र मला त्या सायकलीने नव्हे, रखोलीच्या रस्त्याने शिकवला. सकाळी सहानंतर हा रस्ता सायकलींनी भरतो. सातच्या पाळीला जाणारे कामगार. उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा, खानदेश, आणि आमच्या पाड्यांवरचे वारली, कोकणा तरुण. सुताच्या, प्लास्टिकच्या, तारांच्या कारखान्यांतून काम करणारे. हँडलला जेवणाचा डबा, मागे दिवा नाही, चाकाला आऊट आलेला, ते प्रत्येक फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासते. मी तासाला पंचवीस किलोमीटरने त्यांच्या बाजूने जातो तेव्हा माझ्या शिरस्त्राणाकडे पाहून ते हसतात. मीही हसतो. मला हौशी सायकलपटू म्हणतात. ते माझ्या दुप्पट वर्षे, माझ्याहून वाईट सायकलीवर, बारा तासांच्या कामाच्या आधी आणि नंतर चालवतात, पण त्यांना कोणी काही म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात याच रस्त्यावर, रखोलीच्या अलीकडे मी पडलो. मागून येणारा एक टेंपो मला ओलांडून गेला आणि ओलांडता ओलांडताच डावीकडे वळला. मला साइडपट्टीवर उतरावे लागले. डांबराची कड आणि खालची माती यांच्यात वीतभर खाच. पुढचे चाक खाचेत अडकले, मी खांद्यावर आपटलो. टेंपो निघून गेला. डोक्यावरचे शिरस्त्राण तडकले. डोके शाबूत राहिले. कॉलरबोन मोडले होते. सायकलस्वाराचे हेच हाड बहुधा मोडते, असे पुढे डॉक्टरांनी मोठ्या आस्थेने समजावून सांगितले.

उचलायला आले ते सातच्या पाळीचे कामगार. चौघे होते. एकाने माझा हात गमछ्याने गळ्यात बांधला, एकाने रिक्षा अडवली, एकाने रस्त्यावर विखुरलेली माझी पितळी टोपी, पंप, चष्मा गोळा केला. चौथा, बिहारचा तरुण, माझ्याबरोबर दवाखान्यात आला आणि आमची ही येईपर्यंत बाकावर बसून राहिला. मी म्हटले, ''तुझी पाळी?'' तो म्हणाला, उशीर झाला की अर्धा दिवस कापतात, आता गेले काय नि न गेले काय सारखेच. बोलता बोलता शाळेचा विषय निघाला, तेव्हा त्याने सांगितले की त्याची बहीण नववीत असताना तिला सरकारी सायकल मिळाली होती, म्हणून ती दहावीपर्यंत पोचली. बिहारात २००६ पासून नववीच्या मुलींना सायकल देण्याची योजना आहे, हे मी वाचलेले होते. तिच्यामुळे शिकलेल्या एका मुलीचा भाऊ माझ्या शेजारी बसला आहे, हे निराळे. त्याच्या बुडालेल्या दिवसाचे पैसे मी देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत.

सहा आठवडे हात गळ्यात. घरातून हुकूम सुटला, की आता सायकल बंद. मुलाने फोनवर घरातच उभे करून चालवायचे यंत्र पाठवतो म्हणून सांगितले. ''बाबा, घाम तेवढाच येतो.'' हितचिंतक येत आणि प्रत्येकाजवळ सायकलवरून पडलेल्या एकेका माणसाची हकीकत असे. मीही मनातून तयार होऊ लागलो होतो. वय झाले, हौस झाली, साखर आटोक्यात आली, पुष्कळ झाले.

जानेवारीत शाळेत गेलो, तेव्हा हजेरीपटावर त्या मुलीच्या नावापुढे तीन आठवड्यांचे गैरहजेरीचे खाडे दिसले. आता ती आठवीत होती. भाऊ जवळच्या पाड्यातल्या शाळेत घातला होता. मी रिक्षाने पाड्यावर गेलो. वडील अंगणात कूड बांधीत होते. त्यांनी खाट टाकली, पाणी दिले आणि माझ्या गळ्यातल्या हाताकडे पाहत म्हणाले, ''सर, तुमच्याकडे एवढी भारी सायकल, डोक्याला टोपी, तरी तुम्हाला पाडलं. माझ्या पोरीचं काय?''

मी तीस वर्षे पालकांशी बोलतो आहे. मुलीला शिकवून काय करायचे, असे कोणी म्हणाले की द्यायची उत्तरे मला पाठ आहेत. या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण प्रश्न बरोबर होता. तो बाप मुलीला शाळेतून काढत नव्हता, रस्त्यावरून काढत होता. पण दुसरा रस्ता नसल्यामुळे दोन्ही एकच होते.

परतताना मला माझे आजोबा आठवले. वाड्याच्या आमच्या गावी ओढ्याकडे जायची एक वाट शेजाऱ्याच्या भातखाचराच्या बांधावरून जात असे. शेजाऱ्याशी बिनसले होते. आजोबांनी पुढे घराजवळ विहीर खणली, ओढ्याचे काम उरले नाही. तरी ते दर सोमवारी, पावसात घोंगडी घेऊन, त्या बांधावरून ओढ्यापर्यंत जात आणि हात-पाय धुऊन परत येत. मी लहानपणी विचारले, ''आजोबा, विहीर असताना ओढ्यावर कशाला?'' ते म्हणाले, ''वहिवाट आहे. मोडू दिली तर पुढच्यांना मागावी लागेल.'' मोठेपणी कळले, की १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात हेच आहे. वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून वाट वापरली तर वहिवाट लागते. आणि सलग वीस वर्षे वापरली नाही तर ती जाते.

आमच्या दादरा-नगर हवेलीचा तर सारा इतिहासच एका वहिवाटीच्या दाव्यात गोवलेला आहे. १७७९ च्या पुण्याच्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावे द्यायचे कबूल केले. त्याप्रमाणे १७८३ आणि १७८५ मध्ये ही गावे त्यांच्याकडे गेली. दमणहून इकडे यायचे तर मधला मुलूख दुसऱ्याचा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मराठी, गोमंतकीय आणि स्थानिक स्वयंसेवकांनी, ज्यांत सुधीर फडके यांच्यासारखे संगीतकारही होते, दादरा, नरोली आणि २ ऑगस्टला सेलवास मुक्त केले. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला उधव्याला शरण आला. म्हणजे माझ्या रविवारच्या फेरीच्या वाटेनेच. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, की भारताच्या भूमीवरून जाण्याची आमची वहिवाट आहे. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. न्यायालय म्हणाले, मराठ्यांनी दिला तो सरंजाम होता, वसुलाचा हक्क. राज्य दिले नव्हते. मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळच्या अखंड प्रघाताने साध्या माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला या वाटेने जाण्याचा हक्क लागला होता. सशस्त्र फौज, हत्यारबंद पोलीस आणि शस्त्रे यांना तो हक्क नव्हता. आणि १९५४ मध्ये भारताने वाट रोखली, यात कोणत्याही बंधनाचा भंग झाला नाही.

इतिहासाच्या तासाला मी हा निकाल मुलांना सांगतो, तेव्हा भर भारताच्या विजयावर असतो. त्या जानेवारीत मला त्यातला दुसरा धागा दिसला. साधा माणूस, त्याचे साधे सामान आणि रोज त्याच वाटेने जाणे. एवढ्यावर जगातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयात हक्क उभा राहतो. सार्वजनिक रस्त्याला वहिवाटीचा कायदा लागत नाही, तो सर्वांचाच असतो, हे मला ठाऊक आहे. पण कागदावर सर्वांचा असलेला रस्ता प्रत्यक्षात कोणाचा, हे त्यावर रोज कोण दिसते त्यावर ठरत जाते. सायकली दिसेनाशा झाल्या, की कडेला जागा ठेवायची गरज कोणाला वाटत नाही. आणि जागा उरली नाही, की उरलेल्या सायकलीही जातात. मी यंत्र घरात उभे करून घाम काढू शकतो. सातच्या पाळीचा कामगार आणि आठवीतली मुलगी यांना ती सोय नाही.

फेब्रुवारीत हाताचा पट्टा सुटला. मार्चमध्ये मी सायकल काढली. आमची ही दारात उभी होती. बोलली काही नाही, पण पायजम्यावर तिने चमकती पट्टी शिवून ठेवलेली होती.

शाळेत आम्ही काही फार मोठे केले नाही. सायकल स्टँडच्या कोपऱ्यात एक पेटी ठेवली. तिच्यात पंप, पाने, सोल्यूशन, ठिगळे, वंगणाची बाटली. शनिवारी शेवटच्या तासाला मोठी मुले लहानांच्या सायकली बघतात, ब्रेकची रबरे बदलतात, आऊट काढतात. प्रत्येक सायकलीच्या मागच्या मडगार्डला लाल चमकती पट्टी लावली. खानवेल रस्त्याची मुले आता सुटी सुटी येत नाहीत. रखोलीच्या पुलाशी थांबतात, जमतात आणि एकामागे एक अशी रांगेने निघतात. मी माझा दिनक्रम बदलला. नरोलीची फेरी कमी केली आणि सहाला रखोलीच्या पुलावर जाऊन थांबतो. रांगेच्या शेवटी, माझी ती महागडी सायकल पहिल्या गिअरमध्ये घालून, मी तासाला दहा किलोमीटरने येतो. हृदयाचे ठोके वाढत नाहीत, साखरेला याचा काय उपयोग होतो हे डॉक्टरांना विचारलेले नाही. मागून येणाऱ्या वाहनाला एवढी लांब रांग दिसते आणि ते जरा उजवीकडून जाते. सगळीच जातात असे नाही, बरीच जातात.

त्या मुलीच्या वडिलांकडे मी पुन्हा गेलो होतो, या वेळी सायकलने. हमी मी दिली नाही. देता येण्यासारखी नव्हती. काय केले ते सांगितले. ते दोन दिवस पुलापर्यंत स्वतः चालत आले, रांग पाहून गेले, आणि तिसऱ्या दिवशी तिला पाठवले. ती आता दहावीत आहे आणि रांगेच्या पुढे असते. मधे कोणाची साखळी उतरली, तर हात वर करून सगळ्यांना थांबवते आणि कुंपणातली काटकी मोडून घेते.